दारावर येणारे ते दोघे : मॉर्मन मिशनरीचा आठवडा कसा जातो?

२०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका चर्चने जाहीर केलं, की यापुढे मुलींनाही वयाच्या १८ व्या वर्षी मिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या धर्मप्रचाराच्या कामावर, जाता येईल. तोवर मुलं १८ व्या वर्षी आणि मुली १९ व्या वर्षी जात. आपल्याला यात बातमी काय ते कळणार नाही. पण युटा राज्यातल्या हजारो घरांत या एका ओळीने कॉलेजच्या प्रवेशाचं, पहिल्या नोकरीचं आणि लग्नाचंही वेळापत्रक पुन्हा मांडायला घेतलं गेलं असणार.

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच आईवडिलांनी हे तरुण पाहिलेले असतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी, पाठीला सॅक, कधी सायकल. नेहमी दोघे. बेल वाजते, आपण दाराच्या काचेतून बघतो आणि सून आतून सांगते, "उघडू नका आई, ते चर्चवाले असतील." विषय तिथेच संपतो. ही पोरं कोण, दिवसभर काय करतात, पगार कोण देतं, हे विचारायचं राहूनच जातं.

## आधी थोडी ओळख

ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो त्यांच्या पंथाचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की हेच लांबलचक नाव वापरावं. लोकांच्या तोंडी मात्र मॉर्मनच आहे, म्हणून इथेही तेच ठेवतो.

जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ सुरू केला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर आपण दैवी मदतीने इंग्रजीत आणला, असा त्याचा दावा होता. तो ग्रंथ म्हणजे 'बुक ऑफ मॉर्मन', आणि मॉर्मन हे नाव त्यावरूनच पडलं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या. अनुयायांनी १८४७ मध्ये पश्चिमेच्या ओसाड भागात सॉल्ट लेक सिटी वसवली. बहुपत्नीत्वामुळे ते फार बदनाम झाले. १८९० मध्ये चर्चने ती प्रथा सोडत असल्याचं जाहीर केलं. बायबल हे लोक मानतातच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा रूढ सिद्धान्त मानत नाहीत. त्यामुळे इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना ख्रिस्ती म्हणायला तयार नसतात.

आज चर्चच्या हिशेबाने सभासद पावणेदोन कोटींच्या आसपास आहेत. २०२४ च्या अखेरीस पूर्णवेळ मिशनरी सुमारे ७४ हजार होते. त्यांतले बहुतेक अजून पंचविशीही न गाठलेले.

## कुठे जायचं, हे मुलगा ठरवत नाही

मुलगा अर्ज करतो. देश, शहर, भाषा यांतलं काहीही त्याच्या हातात नसतं. नेमणूक सॉल्ट लेक सिटीतून होते. पूर्वी टपालाने जाडजूड पांढरं पाकीट यायचं, आता ईमेल येतो. सगळं घर, मित्रमंडळी, आजी-आजोबा जमतात आणि मुलगा सगळ्यांसमोर पत्र उघडून वाचतो. आयडाहोतल्या शेतकऱ्याच्या पोराला कळतं की पुढची दोन वर्षं आपण फिलिपिन्समध्ये असणार. त्याच्या आतेभावाला तासाभराच्या अंतरावरचं गाव मिळालेलं असतं आणि तो बिचारा हसरा चेहरा ठेवून बसलेला असतो.

मुलांसाठी मुदत २४ महिने, मुलींसाठी १८. धडधाकट मुलाने जावं ही चर्चची अपेक्षा आहे. मुलींचं स्वागत आहे, पण त्यांच्यावर ती जबाबदारी नाही. निघण्याआधी प्रशिक्षण असतं. सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन, मग प्रशिक्षण केंद्रात. सगळ्यांत मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो शहरात आहे आणि तिथे पन्नासाहून जास्त भाषा शिकवतात. भाषा शिकायची नसेल तर दोन-तीन आठवड्यांत सुटका होते. अवघड भाषा असेल तर दोन महिने लागतात. तेवढ्यात भाषा येत नाहीच. मोडकंतोडकं बोलायचं धाडस येतं आणि बाकीचं लोकांच्या दारात शिकलं जातं.

## जोडीदार नावाची परीक्षा

या आयुष्यात सगळ्यांत अवघड काय असतं? बाहेरचा माणूस म्हणेल, लोकांचे नकार. मला वाटतं, जोडीदार.

मिशनरी एकटा कधीच नसतो. नियम असा, की जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा आणि त्याचं बोलणं ऐकू यायला हवं. अपवाद न्हाणीघराचा. झोपायचं एकाच खोलीत, वेगळ्या पलंगांवर. बाजारात, रस्त्यावर, दवाखान्यात, सगळीकडे दोघे. हा जोडीदार आपण निवडलेला नसतो. पहिल्या नावाने हाकही मारत नाहीत. एकोणीस वर्षांचं पोरगं दुसऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला 'एल्डर' लावून आडनावाने बोलावतं. मुलींसाठी 'सिस्टर'.

साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. आपली बदली झाली की दोन सुटकेसा भरायच्या, जोडीदाराची झाली की नव्या माणसाच्या घोरण्याशी नव्याने जुळवून घ्यायचं. हे सगळं ठरवतो मिशनचा, म्हणजे त्या इलाख्यातल्या कामाचा, प्रमुख. तो सहसा तीन वर्षांसाठी नेमलेला, संसारी, मध्यमवयीन माणूस असतो आणि त्याची पत्नीही सोबत असते. शेकडो पोरांची आजारपणं, भांडणं आणि घरच्या आठवणींची रडारड या जोडप्याच्या वाट्याला येते.

आठवड्यातून एकदा पुढचं नियोजन करायला बसतात, तेव्हा शेवटी आणखी एक काम असतं. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांशी स्पष्ट बोलायचं : तुझं काय चांगलं चाललंय, मला काय खटकतंय. मी बोलत असताना तू मध्येच तोडतोस. सकाळी उठायला उशीर करतोस आणि मग माझाही अभ्यास बुडतो. सिंकमध्ये भांडी तशीच. बोलून झालं की प्रार्थना. वीस वर्षं संसार झालेल्या कितीतरी जोडप्यांना जे जमत नाही, ते इथे नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांना दर आठवड्याला करावं लागतं. काहींना जमतं. काही जण सहा आठवडे कसेबसे दात-ओठ खात काढतात.

## सोमवार : कपडे, किराणा, आई

आठवड्यातला एक दिवस 'तयारीचा दिवस' असतो. बहुतेक ठिकाणी तो सोमवार. हा सुट्टीचा दिवस नव्हे, पण त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, खोली झाडणं, जमलं तर बास्केटबॉल. पोहायला मात्र बंदी, कारण सुरक्षितता. आणि घरी फोन.

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरच्यांशी बोलायची परवानगी वर्षातून दोनदाच होती : नाताळ आणि मदर्स डे. एरवी आठवड्याला ईमेल. त्यानंतर दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येऊ लागला. जुने मिशनरी आजही म्हणतात, आताच्या पोरांचं बरं आहे. संध्याकाळी सहाला दिवस संपतो. टाय पुन्हा गळ्यात, आणि बाहेर.

## मंगळवार ते शुक्रवार : खरं काम

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, अंघोळ, नाश्ता. मग एकट्याने धर्मग्रंथ वाचायचा, जोडीदाराबरोबर अभ्यास करायचा, परकी भाषा असेल तर तिचा वेगळा वेळ. दहाच्या आसपास घराबाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा थोड्या सैल केल्या आहेत, म्हणजे जेवणाच्या सवयी आणि हवामान बघून मिशन प्रमुख त्या पुढेमागे करू शकतो.

हे काम कशासारखं आहे, असं कुणी विचारलं तर मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचं उदाहरण देतो. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात टाय लावून, बॅग मांडीवर घेऊन पेशंटांच्या रांगेत बसलेला एमआर आठवा. ठरलेला इलाखा, रोजच्या गाठीभेटी, पाठ केलेली पण पाठ वाटू न देता म्हणायची चार वाक्यं आणि आठवड्याच्या शेवटी वर पाठवायचे आकडे. मिशनरीचं यातलं सगळं तसंच, फक्त एमआरला पगार आणि इन्सेंटिव्ह मिळतो, मिशनरी स्वतःच पैसे भरतो.

दारोदार जाऊन बेल वाजवणं आता कमी होत चाललंय. त्यातून हाती फारसं लागत नाही, हे चर्चलाही कळलंय. हल्ली मिशनरींकडे स्मार्टफोन असतात. ते फेसबुकवर लिहितात, तिथे आलेल्या चौकश्यांना उत्तरं देतात. बसस्टॉपवर, बागेत लोकांशी बोलतात. स्थानिक सभासद आपल्या ओळखीच्या माणसांची गाठ घालून देतात, आणि खरी कामं तिथूनच होतात. आठवड्यातले काही तास सेवेचे : म्हातारीच्या अंगणातलं गवत काप, घर बदलणाऱ्यांचा सोफा उचल, नव्याने आलेल्या निर्वासितांना फुकट इंग्रजी शिकव. रात्रीचं जेवण अनेकदा एखाद्या सभासदाच्या घरी.

नकार मोजायचे म्हटले तर वही पुरणार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रोमनी १९६६ ते ६८ अशी अडीच वर्षं फ्रान्समध्ये मिशनरी होते, त्यातला काही काळ बोर्दोमध्ये. या पंथात दारू, तंबाखू, चहा, कॉफी सगळं वर्ज्य. वाइनसाठी जगभर नाव असलेल्या प्रदेशात लोकांना वाइन सोडा म्हणून सांगायचं, हे विशीतल्या पोराने कसं केलं असेल कोण जाणे.

## कुणी ऐकून घेतलं, तर काय सांगतात?

पाठ ठरलेले आहेत, पण २००४ पासून ते शब्दशः घोकायचे नसतात. मिशनरींच्या मार्गदर्शक पुस्तकातून मुद्दे घ्यायचे, भाषा आपली. पहिला पाठ जोसेफ स्मिथचा. मग जन्मापूर्वी आपण कुठे होतो, मेल्यावर काय होतं, कुटुंब कायमचं एकत्र राहू शकतं का. हा कुटुंबाचा मुद्दा अनेकांच्या मनाला भिडतो, विशेषतः घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर.

यातली मेख नीट बघण्यासारखी आहे. मिशनरी वादात पडत नाही, पुरावे मांडत नाही. तो म्हणतो, हे पुस्तक थोडं वाचा आणि खरं आहे का ते देवालाच विचारा. मन शांत झालं, आत ऊब वाटली, तर ते देवाचं उत्तर समजा. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी एक छोटं वचन घ्यायचं : एवढी पानं वाचाल ना? रविवारी याल ना? मग बाप्तिस्म्याची, म्हणजे पंथात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराची, तारीख. टीकाकार म्हणतात, मनाला बरं वाटणं हा सत्याचा पुरावा कसा? हा आक्षेप मला पटतो. पण श्रद्धेच्या प्रांतात ही कसोटी लावली तर मॉर्मनांपाशी थांबता येणार नाही, हेही तितकंच खरं.

## शनिवार-रविवार

शनिवारी कधी बाप्तिस्मा असतो. पांढऱ्या कपड्यांत, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, आख्खं शरीर एका झटक्यात पाण्याखाली. दोन साक्षीदार बारकाईने बघत असतात. पायाचा अंगठा किंवा केसांची बट जरी वर राहिली, तरी पुन्हा. लहान बाळांचा बाप्तिस्मा या पंथात नाही, वयाची आठ वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

रविवारी चर्च, दोन तास. २०१९ च्या आधी तीन तास असायचं. पाव आणि पाणी वाटतात, वाइन नाही. पगारी पाद्रीही नाही, गल्लीतलाच कुणी दंतवैद्य किंवा अकाउंटंट ती जबाबदारी सांभाळत असतो. मिशनरींचं अर्धं लक्ष दाराकडे असतं. मंगळवारी "नक्की येतो" म्हणालेला माणूस येतोय का? बहुतेकदा येत नाही. रात्री आठवड्याचे आकडे वर जातात : नवे किती भेटले, चर्चला किती आले, बाप्तिस्म्याच्या तारखा किती ठरल्या.

## पगार नाही, तर पैसे कोण देतं?

मुलगा आणि त्याचं घर. अमेरिकेतून जाणाऱ्याला २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, तो महागड्या टोकियोत जावो की स्वस्त बोलिव्हियात. म्हणजे २४ महिन्यांचे १२,००० डॉलर, आपले दहा लाखांच्या वर. अनेक मुलं त्यासाठी लहानपणापासून पैसे साठवतात. गरीब देशांतल्या मुलांना कमी भरावं लागतं, उरलेला भार निधीतून उचलला जातो. घरभाडं आणि जेवणखाणाचा भत्ता याच एकत्रित पैशांतून निघतो.

इथे एक रास्त प्रश्न येतो. सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात. चर्चची गुंतवणूक अब्जावधी डॉलरची आहे. ती शेअर बाजारातली गुंतवणूक नीट जाहीर न केल्याबद्दल अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०२३ मध्ये चर्च आणि त्याची गुंतवणूक कंपनी यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला होता. मग पोरांकडून पैसे का? चर्चचं म्हणणं असं की त्याग हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. ते अगदीच खोटं नाही. पण ज्याच्या तिजोरीत इतकं आहे त्याने त्यागाचे धडे द्यावेत, हे ऐकायला थोडं अवघड जातं.

## हे ब्रेनवॉशिंग नाही का?

टीव्ही नाही, सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, फोनवर बंधनं, सोबत सतत एक साक्षीदार. यादी वाचून शंका येणं साहजिक आहे. दुसरी बाजू अशी की दारं बंद नसतात, कधीही घरी परतता येतं. पण परतल्यावर गावात काय बोललं जाईल, याचं दडपण असतं. मिशन अर्धवट सोडून आलेला मुलगा आजारी होता की आणखी काही, ही कुजबुज युटातल्या गावांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. आता मानसिक आरोग्याबद्दल चर्च उघड बोलतं. घरी राहूनच सेवा करण्याचा पर्यायही आहे. त्यामुळे दडपण कमी झालं असेल, पण संपलेलं नाही.

## एवढं करून धर्मांतरं किती?

२०२४ मध्ये नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक जगभरात सुमारे ३ लाख ८ हजार. ७४ हजार मिशनरींनी भागलं की प्रत्येकी वर्षाला चार. युरोपात त्याहून कितीतरी कमी, आफ्रिकेत बरेच जास्त. तिथे हे काम उशिरा सुरू झालं, कारण १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या पंथात पौरोहित्याचे अधिकारच नव्हते. त्यातही बाप्तिस्मा घेतलेले सगळे टिकत नाहीत.

चार माणसांसाठी वर्षभर एक पोरगं राबवणं कुठल्याही कंपनीला परवडणार नाही. तरी ही व्यवस्था दिमाखात चालू आहे, कारण तिचं खरं उत्पन्न दुसरीकडे आहे. अठराव्या वर्षी आईने हाक मारल्याशिवाय न उठणारा मुलगा विसाव्या वर्षी परततो तेव्हा त्याला परकी भाषा येत असते, अनोळखी माणसाशी बोलायची भीती गेलेली असते, स्वयंपाक येत असतो. आणि ज्या गोष्टीचं समर्थन त्याने हजार दारांत उभं राहून केलं, तिच्यावर शंका घेणं त्याला आता फार जड जातं. मिशनरीने सगळ्यांत पक्कं कुणाला मॉर्मन केलेलं असतं, तर स्वतःला.

समाजालाही याचा फायदा होतो. चर्चच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठात अर्ध्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरी भाषा येते. तैवानमध्ये मिशनवर असताना चिनी शिकलेले जॉन हंट्समन पुढे २००९ मध्ये अमेरिकेचे चीनमधले राजदूत झाले.

## आणि आपल्याकडे?

हे लोक आपल्याकडे नवे नाहीत. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही गेला. लष्करी छावणीत प्रचाराला त्याला मज्जाव झाला, वर्तमानपत्रांनी झोडपलं. तरी पुण्यात डझनभर माणसांची एक शाखा उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत विरून गेली. पुढे बंगळुरूत १९९३ मध्ये आणि दिल्लीत २००७ मध्ये मिशन सुरू झालं. आज भारतात सभासद पंधरा हजारांच्या आसपास, जास्त करून दक्षिणेत. परदेशी मिशनरींना व्हिसा मिळणं कठीण आणि अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे. त्यामुळे इथे काम करणारी बरीचशी मुलं भारतीयच असतात. अशी बंधनं फक्त भारतातच आहेत असं नाही. रशियाने २०१६ मध्ये कायदा कडक केल्यावर तिथल्या मिशनरींना 'स्वयंसेवक' म्हणून राहावं लागलं.

## बेल वाजली तर?

"नको, आम्हाला रस नाही" एवढं हसून म्हटलं तरी पुरतं. पुन्हा येऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलं तर नोंद करून ठेवतात. बोलायची हौस असेल तर खुशाल बोला, आपल्या देवांबद्दलही सांगा. ऐकून घेण्याची त्यांना सवय असते. चहा-कॉफी विचारू नका, लिंबू सरबत चालतं. आणि घरात सासूबाई एकट्याच असल्या, तर ही मुलं बोलावूनही आत येणार नाहीत, पायरीवरच उभी राहून बोलतील. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, घरात एकट्या बाईसोबत बसायचं नाही असा त्यांचा नियमच आहे.